बरोबर कोणी नाही का?

(महिला गटांच्या मेळाव्यातील भाषण)



प्रवासातल्या छेडछाडीबद्दल आधीच्या वक्त्या बोलल्या. मी जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहे: सुट्टीच्या सहलीत बंद पडणारी जुनी गाडी. विषय किरकोळ वाटेल, पण त्यात आपल्या घरातली सगळी वाटणी दिसते.

सहल ठरली की डबे, औषधं, मुलांचे कपडे यांची यादी बाईच्या डोक्यात असते. टायरमधली हवा, रेडिएटरमधलं पाणी, स्टेपनी, जॅक हे सगळं त्याच्याकडे. गाडीच्या हप्त्यात तिची बचत असते, कधी मोडलेलं सोनंही असतं. पण कागदावर नाव त्याचं आणि किल्लीही त्याच्याच खिशात. गाडी नीट चालते तोवर हे कोणाला खटकत नाही. ती घाटात थांबली की तो बॉनेट उघडतो आणि आपण मुलांना घेऊन कठड्याशी उभ्या राहतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही सातजणी दोन मुलांना घेऊन गणपतीपुळ्याला गेलो होतो. जीप १७ वर्षांची होती. १५ वर्षांनंतर करावी लागते ती फेरनोंदणी झालेली होती. चालवणारी आमचीच मैत्रीण. परतताना साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, चाकांना दगड लावले. मागच्या बाजूला लांबवर त्रिकोणी फलक ठेवला आणि आम्हाला गाडीपासून दूर, कठड्यापलीकडे बसवलं.

थोड्या वेळाने एक गाडी थांबली. त्यातल्या गृहस्थांनी विचारलं, "बरोबर कोणी नाही का?" आम्ही नऊजण समोर होतो! माणूस भला होता, मदतीलाच उतरला होता. पण त्याने थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मैत्रिणीने त्याला अडवलं. कुकरची वाफ जिरल्याशिवाय आपण झाकण काढत नाही, तसंच हे. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्याही वर तापलेलं असतं. झाकण उघडलं की उसळून तोंडावर येतं.

पाऊण तास थांबलो. वरचा रबरी होज क्लिपपाशी चिरला होता. तिने चिरलेलं टोक कापलं, होज पुन्हा बसवून क्लिप आवळली. मग इंजिन निवल्यावर सावकाश पाणी भरलं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर त्याला तडा जाऊ शकतो. भरायला पाणी भरपूर होतं, कारण वाटेत धड संडास नाहीत म्हणून सकाळपासून आम्ही कोणी ते प्यायलोच नव्हतो. हे ऐकून तुम्ही हसलात. पण मे महिन्याच्या उन्हात तहान मारून प्रवास करणं आपण इतकं अंगवळणी पाडून घेतलं आहे!

हळूहळू आंबा गाव गाठलं आणि तिथे गॅरेजमध्ये नवा होज बसवला.

गाडीचं काम बायकांचं नव्हे असं म्हणणाऱ्यांना बर्था बेंझची गोष्ट सांगा. ऑगस्ट १८८८ मध्ये ही जर्मन बाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न विचारता, त्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून माहेरी निघाली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांवर चामडं बसवून घेतलं. त्या कारखान्यात तिच्या हुंड्याचा पैसा होता; पेटंट मात्र नवऱ्याच्या नावावर होतं. आपल्या घरांहून हे फार निराळं आहे का?

समाजकार्याच्या अभ्यासात 'साधनांवरचं नियंत्रण' हे शब्द मी परीक्षेत अनेकदा लिहिले. चाक कसं बदलायचं हे माहीत असणं, किल्ली मागावी न लागणं हा त्याचा रोजच्या जगण्यातला अर्थ. रात्री मुलाला दवाखान्यात न्यायचं असेल, किंवा मार खाऊन घराबाहेर पडायचं असेल, तेव्हा हेच कामी येतं.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. एक, प्रत्येक गटाने ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून एक दुपार शिकून घ्यावं: पाणी, ऑइल, पट्टा, होज कसे पाहायचे, चाकाचे नट गाडी जॅकवर चढवण्याआधी कसे सैल करायचे. ११२ आणि राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हे क्रमांक पाठ करावेत. दोन, घरच्या गाडीच्या कागदावर आपलंही नाव यावं म्हणून बोलायला सुरुवात करावी. तीन, आपापल्या भागातल्या हमरस्त्यावर बायकांसाठी संडास कुठे आहेत, त्यांत पाणी आणि आतून कडी आहे का, याची पाहणी करून निवेदन द्यावं. पाहणीच्या कामासाठी आज इथेच नावं द्या. वही माझ्याकडे आहे.