वर्गातील यंत्र कोणाच्या हाती?



गोदाकाठच्या या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या दारात आणि वाचनालयाच्या टेबलावर. तेव्हा वर्गातल्या नव्या यंत्रांवर कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सोपे आहे. यंत्र आले की माणसाचे काय होते, हे पाहण्यातच आमची उमर गेली.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मालाच्या खोक्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनी शिक्का असतो. क्यूआर कोड म्हणतात तो हाच. आता तो चहाच्या टपरीवरही लटकतो. त्याचा जन्म १९९४ साली जपानमध्ये, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो या कंपनीत झाला. त्याआधी खोक्यांवर रेघांचे बारकोड असत. एकात जेमतेम वीसेक अक्षरे मावत, म्हणून एकेका खोक्यावर दहा-दहा कोड असत, आणि कामगाराला दिवसाकाठी हजारभर कोड वाचकयंत्राने टिपावे लागत. कामगार कुरकुरले. मासाहिरो हारा या अभियंत्याने ती कुरकुर मनावर घेतली आणि हजारो अक्षरे पोटात घेणारा हा चौकोन तयार केला. थोडा फाटला, थोडा मळला, तरी तो वाचता येतो. पुढे पेटंट हाती असूनही तो सर्वांना वापरण्यास मोकळा ठेवण्यात आला. ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगतो. चांगले अवजार आकाशातून पडत नाही. ते काम करणाऱ्याच्या अडचणीतून उगवते.

हा शिक्का आपल्या पाठ्यपुस्तकात कसा आला? सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक रुजू झाले. पुस्तकातली कविता मुलांना ऐकता यावी, धडा डोळ्यांनी पाहता यावा, म्हणून त्यांनी पुस्तकांना हे कोड जोडले. २०१७ साली राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत ते देण्याचे जाहीर केले. २०२० साली डिसले यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. येथेही तोच न्याय : अडचण वर्गातली, आणि अवजार शिक्षकाच्या हातचे.

याच्या उलट चित्रही आम्ही पाहिले आहे. एका शाळेत भिंतीवर भला मोठा पडदा होता, वर फडके टाकलेले. विजेचे बिल थकले होते. आम्ही गुरुजींना विचारले, तर ते म्हणाले, "भाऊ, हा आला तेव्हा आम्हांला कोणी विचारले नाही, आणि बंद पडला तेव्हाही विचारले नाही." चालू होता तेव्हा मुले काय करीत? "गप्प बसत," गुरुजी म्हणाले. बंधूंनो, गप्प बसलेला वर्ग म्हणजे रमलेला वर्ग नव्हे!

मग मार्च २०२० मध्ये शाळांना टाळे लागले आणि शिक्षण मोबाइलवर आले. त्या वर्षी 'असर' या देशव्यापी पाहणीत, ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. म्हणजे दहांतल्या जवळजवळ चौघांच्या घरी तो नव्हता. आणि घरात असणे म्हणजे मुलाच्या हातात असणे नव्हे. कारखाने पुन्हा सुरू झाल्यावर आमच्या एका सभासदाचा फोन त्याच्याबरोबर पहिल्या पाळीला जाई. तो घरी परतेपर्यंत सहावीतल्या मुलीचा वर्ग संपलेला असे. तो आम्हांला म्हणाला, "भाऊ, मागणीपत्रात पोरीचा फोन घालता येईल का?" आम्ही हसलो. रात्री त्या हसण्याची लाज वाटली. शाळा उघडली तेव्हा ती मुलगी साध्या अपूर्णांकांत अडकली होती.

पुढे आम्ही कचेरीत संध्याकाळी दोन जुने फोन टेबलावर मांडले. पाच-सात मुले येऊ लागली, तीही आली. एकदा उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हा धडा चालला होता. चित्र दिसले आणि संपले. तिने विचारले, "पण किती वाढतो?" फोन गप्प! शेजारी एक निवृत्त फिटर पेपर वाचत होते. ते म्हणाले, "केसाच्या जाडीएवढा. म्हणून तर बेअरिंग गरम तेलात तापवून शाफ्टवर बसवतात. निवाले की निघता निघत नाही." मग तासभर प्रश्नांचा पाऊस पडला. फोनने दार उघडले होते. पण आत नेले ते माणसाने.

म्हणून आमच्या मागण्या दोन आणि विनंती एक. वर्गात यंत्र आणण्यापूर्वी शिक्षकाला विचारा, आणि वीज व दुरुस्तीचा खर्च किमतीतच धरा. यंत्राच्या नावाखाली शिक्षकाची एकही जागा कमी करू नका. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप केला. दोन मागांऐवजी तीन माग एकाच्या गळ्यात घालण्याची योजना, हे त्याचे एक मोठे कारण होते. त्यांचे भांडण मागाशी नव्हते. शेजारचा माणूस घरी बसवला जाण्याशी होते.

विनंती आपणा नाशिककरांना आहे. पुस्तक ही चैनीची वस्तू होती तेव्हा, १८४० साली, या गावात सार्वजनिक वाचनालय उभे राहिले. एकाचे पुस्तक शंभरांचे झाले. त्याच टेबलावर आमच्यासारखा नववी सुटलेला माणूस वाचायला शिकला. आज आपल्या कपाटात जुने, पण चालते फोन पडून आहेत. वाडीवस्तीतल्या अभ्यासिकेत असे एक टेबल मांडा. मात्र फोन देऊन मोकळे होऊ नका. आठवड्यातून एक तास स्वतः शेजारी बसा. मूल जेव्हा "पण किती?" असे विचारील, तेव्हा उत्तर द्यायला तेथे कोणीतरी असले पाहिजे.