लमर्ट पार्कमधील 'वर्ल्ड स्टेज'



जाझ म्हटले की आपल्यापुढे बडी हॉटेले उभी राहतात. वस्तुतः ते अमेरिकेतील काळ्या लोकांचे संगीत. त्याच लोकांनी आपल्या वस्तीत, नफा न पाहता चालविलेल्या एका लहानशा जागेविषयी आम्ही आज बोलणार आहोत.

लॉस एंजेलिस शहरातील लमर्ट पार्क हा भाग वसला तेव्हा तेथील घर काळ्या माणसास विकू नये, अशी अट कागदोपत्री होती. अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, हा तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९४८ चा. शहरातील वादकांच्या संघटनाही रंगानुसार वेगळ्या; त्या एक झाल्या १९५३ साली. पुढे त्याच लमर्ट पार्कमध्ये काळ्या लोकांची वस्ती झाली आणि १९८९ साली ड्रमवादक बिली हिगिन्स व कवी कामाऊ दाऊद यांनी तेथे एका दुकानाच्या गाळ्यात 'वर्ल्ड स्टेज' सुरू केले.

हिगिन्स हे काही साधे कलावंत नव्हेत. १९५९ पासून ऑर्नेट कोलमन यांच्या ध्वनिमुद्रिकांतून गाजलेले, जगभर मागणी असलेले! असा माणूस गल्लीतल्या मुलांना ड्रम शिकवीत बसे. १९९६ साली यकृताचे प्रत्यारोपण झाले, तरी वादन आणि शिकवणे सुटले नाही. २००१ साली ते गेले.

दारू विकणाऱ्या क्लबात २१ वर्षांखालील मुलास बहुधा प्रवेश नसतो. मग त्याने थोरांचे वादन ऐकावे कोठे? येथे गुरुवारी मुक्त वादनाची बैठक असे. नवशिक्याने अनुभवी वादकांच्या शेजारी उभे राहून वाजवायचे. चुकला तर सर्वांसमक्ष चुकेल, आणि आमच्या मते खरे शिक्षण तेथेच होते. बुधवारी कवी-लेखकांची 'अनान्सी' कार्यशाळा. आपले लेखन वाचायचे आणि परखड मते ऐकून घ्यायची. २०१५ साली 'द एपिक' या संग्रहाने गाजलेला सॅक्सोफोनवादक कामासी वॉशिंग्टन याच परिसरात वाजवीत मोठा झाला.

पैसा कोठून येतो, हे विद्यार्थी विचारतीलच. देणग्या, अनुदाने आणि माफक शुल्क. परंतु जागा भाड्याची, म्हणून घोर कायमचा. मूळ गाळा सोडावा लागला. बिऱ्हाड त्याच डेग्नान बुलेव्हार्डवर दुसरीकडे हलले. २०२२ साली तेथे मेट्रोचे स्थानक झाले. स्थानक आले की जागांचे भाव चढतात, हे मुंबईकरांना सांगावयास नको. हिगिन्स यांची ड्रम कार्यशाळा मात्र त्यांच्या पश्चात इतरांनी चालू ठेवली.