दूरध्वनीवरील मानसोपचार : आरंभ करण्यापूर्वी

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्या तालुका मेळाव्यात केलेले भाषण)



मनाच्या दुखण्यावर बोलून इलाज करावयाचा, ही गोष्ट आपल्याकडे अगदी नवी नाही. परंतु तो इलाज घरबसल्या, दूरध्वनीवरून किंवा मोबाइलच्या पडद्यावरून करून घेता येतो, हे मात्र गेल्या काही वर्षांतच सर्वत्र झाले आहे. त्याची निकड होतीच. आपल्या राज्यात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. सिरोंच्याच्या माणसाने नागपूर गाठावयाचे म्हणजे तीनशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास, दोन दिवसांची बुडालेली मजुरी, आणि परतल्यावर ‘कुठे गेला होतास?’ या प्रश्नाला द्यावयाचे उत्तर. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आणि विकारपरत्वे त्यांतील ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही सेवा म्हणजे या दरीवर घातलेला एक साकव होय. १४४१६ हा क्रमांक लावला की दिवसा वा रात्री, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. याखेरीज शुल्क घेऊन ठराविक वेळी भेट देणारे खासगी उपचारकही पुष्कळ आहेत.

साकव ओलांडण्यापूर्वी तो कशाचा आहे, हे मात्र पाहून घ्यावे. पलीकडे बोलणारी व्यक्ती कोण, हा पहिला प्रश्न. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतो, त्याला औषध लिहून देता येते, आणि २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपला नोंदणी क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो औषध देत नाही, बोलण्यातून उपचार करतो. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र आजवर कोणीही लावत आला आहे. त्यांच्या नोंदणीची तरतूद करणारा कायदा २०२१ साली झाला. तेव्हा शिक्षण काय, नोंदणी कोठे, अनुभव किती, हे पहिल्याच संभाषणात विचारावे. आपल्याकडे डॉक्टरला असे विचारणे उद्धटपणाचे मानतात. बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल वाचतो, पावती जपून ठेवतो. मग मन ज्याच्या हाती द्यावयाचे त्याला दोन प्रश्न विचारण्यात संकोच का असावा? चांगला उपचारक या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, त्याच्याकडे न जाणे बरे.

उलट, उपचारकही आपल्याला काही विचारील आणि त्याने माणसे बिचकतात. ‘तुम्ही आत्ता नेमके कोठे आहात? जवळच्या एखाद्या माणसाचा क्रमांक द्या,’ असे तो म्हणतो. ही चौकशी पाळत ठेवण्यासाठी नसते. समोरासमोर बसलेला रुग्ण कासावीस झाला तर डॉक्टर त्याचा हात धरू शकतो. चारशे किलोमीटरांवरून त्याला केवळ पत्त्यावर मदत धाडता येते. संभाषण मध्येच तुटले तर पुन्हा कोणी कोणाला फोन करावयाचा, वाया गेलेल्या वेळेचे पैसे पडणार की नाही, भेट किती मिनिटांची, साधारण किती भेटी लागतील, हेही आधीच ठरवून घ्यावे. ध्वनिमुद्रण उभयतांपैकी कोणीही परस्पर करू नये.

आता ज्या विषयासाठी मी मुख्यतः उभा आहे, त्याकडे वळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण हे कलम बांधते ते उपचारकाला. भिंतीपलीकडच्या जाऊबाईंना ते बांधत नाही! रुग्णालयात गुप्ततेची काळजी रुग्णालय घेते; घरी ती रुग्णानेच घ्यावयाची असते. आणि आपली घरे कशी असतात, हे मी आपणांस सांगावयास नको. दोन खोल्या, सात माणसे, एकच मोबाइल, तोही घरधन्याच्या नावावरचा. आणि रेंज येते ती देवळाच्या पारावर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम करताना पाहिलेली एक हकीकत सांगतो. बाळंतपणानंतर महिनोन् महिने झोप उडालेल्या एका सुनेने धीर करून फोनवर उपचार सुरू केले. तिसऱ्या वेळी ती सासरच्या जाचाबद्दल बोलली. खिडकीखाली कोणी उभे होते. आठवड्याच्या आत ते शब्द नळावरच्या बायकांच्या तोंडी झाले. त्या मुलीने पुन्हा फोन केला नाही, आणि पुढे तिला माहेरी पोहोचवून देण्यात आले. उपचार चुकीचा नव्हता, उपचारकही प्रामाणिक होता. उणीव होती ती एका बंद होणाऱ्या दाराची.

म्हणून जागा आधी शोधावी, वेळ मागाहून ठरवावी. कानात घालावयाचे इयरफोन वापरले तर निदान अर्धे संभाषण तरी झाकले जाते. पैसे भरल्याचा किंवा भेटीच्या वेळेचा संदेश कोणाच्या मोबाइलवर येणार, हे विचारून घ्यावे. आणि एक खुणेचे वाक्य ठरवावे. ‘गहू निवडून ठेवले आहेत’ असे काहीही चालेल. ते ऐकताच, खोलीत कोणी आले आहे हे उपचारकाने ओळखून विषय बदलावा.

गुप्ततेलाही मर्यादा आहेत व त्या आधी माहीत असाव्यात. कोणाच्या जिवाला धोका असेल तर उपचारक गप्प राहू शकत नाही. तसेच बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळविण्याचे बंधन घातले आहे. शिक्षकांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन आपण मुलाला सहज देऊन बसतो.

सर्वच दुखण्यांना हा मार्ग लागू पडत नाही. कानात आवाज येतात, कोणी मागावर आहे अशी पक्की समजूत झाली आहे, किंवा रोजची दारू एकाएकी तोडल्याने हातपाय थरथरत आहेत, अशा माणसाला प्रत्यक्ष रुग्णालयातच न्यावे. दारू अचानक सुटल्याने झटके येऊन प्राणावर बेतू शकते. कीटकनाशक घेतलेल्या माणसासाठी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, समुपदेशन नंतर. पोलिसांच्या भयाने अशा वेळी विलंब होतो. तसा तो होऊ नये, कारण वर सांगितलेल्या कायद्याच्या ११५व्या कलमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरावयाचे असते व तिला शिक्षा होत नाही.

मघाशी आपणांपैकी एकांनी विचारले, की ग्रामपंचायतीने यात करावे तरी काय? एक खोली द्यावी. कार्यालयाची मागची खोली असो वा सुटीच्या दिवशीचा शाळेचा वर्ग असो. तेथे रेंज असावी, आतून कडी असावी, खिडकीला पडदा असावा, एक खुर्ची व पिण्याचे पाणी असावे. नोंदवहीत ‘कशासाठी’ हा रकाना ठेवू नये. ‘सरपंचांना तरी कळावयास हवे,’ असे आताच कोणी म्हणाले. नाही, त्यांनाही कळण्याचे कारण नाही. खोली अभ्यासाला, ऑनलाइन अर्जांना, सर्वांनाच खुली ठेवावी, म्हणजे आत जाणाऱ्याकडे कोणी वळून पाहणार नाही. किल्ली अंगणवाडीताईंकडे ठेवावयाची की शिपायाकडे, हे ज्या त्या गावाने ठरवावे. माझ्या मते ती बाईमाणसाकडे असलेली बरी.