ट्यूब लावण्याआधी जखम बघा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आरोग्यावर झालेल्या बोलण्याचा हा मजकूर. बोलणाऱ्या ताई चांदवड तालुक्यातल्याच एका गटाच्या सदस्य व आशा स्वयंसेविका आहेत.)



आज बचतीचा हिशोब लवकर आटोपला म्हणून अध्यक्षताई म्हणाल्या, दहा मिनिटं आरोग्यावर बोल. मी एकाच वस्तूवर बोलणार आहे. आपल्या प्रत्येकीच्या घरात फळीवर नाहीतर आरशामागे अर्धी दाबलेली मलमाची ट्यूब असते ना? त्या ट्यूबवर.

आधी माझीच चूक सांगते. तेव्हा मी आशा नव्हते. धाकटा चार वर्षांचा. श्रावणात त्याच्या नाकाखाली दोन पुळ्या आल्या, फुटल्या, वर मधासारखी पिवळी खपली धरली. शेजारच्या काकूंनी त्यांच्या घरची ट्यूब दिली. काकांच्या नायट्याची खाज त्या ट्यूबने दोन दिवसांत थांबली होती. मीही लावली. पहिल्या दिवशी लाली कमी दिसली, मी खूश. पाचव्या दिवशी गालावर, हनुवटीवर फोड, आणि मोठीच्या हातावरही तसेच. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ट्यूब हातात घेऊन वाचली आणि म्हणाले, "ताई, यात स्टिरॉइड आहे. याने लाली दबते, पण जंतूंना मोकळं रान मिळतं."

बायांनो, सगळी मलमं एक नसतात, हे मला त्या दिवशी कळलं. नायटा होतो बुरशीने. खरूज होते अगदी बारीक किड्याने. आणि पिवळी खपली, पू भरलेल्या पुळ्या, केसतूड हे बहुतेक वेळा जिवाणूंनी होतं. तिघांचं औषध वेगळं. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल असं नाव ट्यूबवर असेल तर ते स्टिरॉइड. ते वाईट औषध नाही, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावायचं नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी आपण दुकानात जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणतो. चूक आपलीही आहे.

मग जिवाणूंवरचं मलम कोणतं? डॉक्टर बहुतेक म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिड लिहून देतात. जखमा थोड्या असतील, वरवरच्या असतील, ताप नसेल, तर एवढ्यावर काम होतं. पण लावायची रीत आहे.

आधी साबणाने हात धुवा. कोमट पाण्यात स्वच्छ फडकं भिजवून खपलीवर थोडा वेळ ठेवा. खपली मऊ झाली की हलकेच पुसून काढा, ओरबाडू नका. वाळलेल्या खपलीवर मलम थापलं तर ते खाली पोचतच नाही. मग पातळ थर लावा, पुन्हा हात धुवा. दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, ते डॉक्टर सांगतील. बहुधा दोन-तीन वेळा, पाच-सात दिवस. दोन दिवसांत बरं दिसलं म्हणून सोडू नका, आणि उरलं म्हणून महिनाभर चोळत बसू नका. असं अर्धवट नाहीतर उगाच वापरलं की जंतू औषधाला सरावतात. मग खरी गरज पडते तेव्हा तेच औषध चालत नाही. म्हणूनच अँटिबायोटिक गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय नाही.

तीन दिवसांत फरक दिसला नाही तर पुन्हा दवाखाना.

आता ट्यूबवर अजिबात थांबायचं नाही, अशा गोष्टी सांगते. ताप आला. लाली पसरत चालली, कातडी गरम आणि दुखरी झाली. जखमेपासून वर लाल रेघ चढली. गळू मोठं होऊन ठणकायला लागलं. ते घरी पिळू नका, सुई टोचू नका. तान्ह्या बाळाच्या अंगावर पू भरलेले फोड आले. डोळ्याजवळ जखम आहे. घरात कुणाला साखरेचा आजार आहे आणि पायाला जखम झाली. दुखत नसली तरी त्याच दिवशी दाखवा. आणि एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. पोराच्या जखमा भरल्यावरही काही आठवड्यांत सकाळी तोंड सुजलं, लघवी चहासारखी किंवा लालसर झाली, तर मूत्रपिंडाला सूज असू शकते. थांबू नका.

मुलाला पुळ्या परत परत येतात आणि घरातले दोघं-तिघं रात्री खाजवतात, तर मुळात खरूज असेल. तिथे सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावावं लागतं. एकट्या मुलाला लावून उपयोग नाही.

तुम्ही म्हणाल, ताई, टँकर आला तर पाणी, रोज धुणं कुठून? मला माहीत आहे, मीही त्याच रांगेत उभी असते. पण एवढं तरी जमतं. आजारी मुलाचा टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवा, कडक उन्हात वाळवा. नखं कापा. कांदा काढताना विळा लागला, डाळिंबाचा काटा रुतला, तर त्यावर माती, हळद, चुना, टूथपेस्ट नको. तांब्याभर स्वच्छ पाणी आणि साबण, तेवढं पुरे. जखम खोल असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

आणि खर्चाचं म्हणाल, तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गाडीभाड्याला पैसे नसतील तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या. आपल्या दशसूत्रीत आरोग्य उगाच नाही घातलं.

आज घरी गेल्यावर एकच काम करा. फळीवरची ट्यूब काढा, नाव आणि तारीख बघा. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. तारीख गेली असेल तर टाका. कशासाठी दिली होती ते आठवत नसेल तर तीही टाका. आणि शेजारणीने मागितली तर ट्यूब देऊ नका; तिच्यासोबत दवाखान्यात जा. माझ्यासोबत तेव्हा कुणी आलं असतं, तर पोराचे ते पाच दिवस वाचले असते.