नाकारल्याचे कारण आणि दाद मागण्याची मुदत

(पीपलरावां येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय रुक्ष वाटेल, पण आपल्या दारातल्या नालीपासून गावाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत प्रत्येक सरकारी कामाशी त्याचा संबंध आहे. सरकारी काम एकाला मिळते आणि बाकीच्यांना मिळत नाही. ज्यांना मिळाले नाही, त्यांना कारण कधी कळावे आणि त्यांनी किती दिवसांत दाद मागावी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

इथलाच एक लहान ठेकेदार डोळ्यांपुढे आणा. माणूस कल्पित आहे, पण त्याची अडचण कुठल्याही गावात भेटेल. सिमेंटच्या नालीच्या कामासाठी त्याने राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर निविदा भरली आणि अनामत रक्कमही भरली. सोमवारी तांत्रिक लिफाफा उघडला आणि त्याच्या नावापुढे ‘अपात्र’ असा शेरा पडला. अनुभवाचा दाखला कमी पडला, की शपथपत्राचा नमुना चुकला, हे कुठेच लिहिलेले नाही. मंगळवारी त्याने कार्यालयात अर्ज दिला. गुरुवारी उरलेल्यांचे दर उघडले. पुढच्या आठवड्यात एकाला कार्यादेश मिळाला आणि जागेवर खडी, वाळू येऊन पडली. आपल्या ठेकेदाराने मग माहिती अधिकाराचा अर्ज केला. 2005 च्या त्या कायद्यात उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. उत्तर हातात पडते तोवर नालीच्या तळाचे काँक्रीट वाळलेले असते. मग तो सोनकच्छ, देवास करीत इंदूरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे जातो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो : इतके दिवस कुठे होतात?

राज्यघटनेच्या कलम 226 खाली रिट अर्ज करायला दिवसांची ठरीव मुदत नाही. ही सवलत वाटते, पण तीच फसवी आहे. मुदत लिहिलेली नाही म्हणून उशीर माफ होतो असे नाही. अमुक दिवस म्हणजे उशीर, हे आधी कोणी सांगत नाही, एवढेच.

या बाबतीतला सर्वांत बोलका खटला मुंबईचा आहे. सांताक्रूझ विमानतळावर एक दुय्यम दर्जाचे उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहार केंद्रे चालवायला द्यायची होती. जानेवारी 1977 मध्ये निविदा मागवल्या. नोंदणीकृत दुय्यम दर्जाचा हॉटेलचालक हवा आणि किमान 5 वर्षांचा अनुभव हवा, अशी अट होती. महिना 6,666 रुपये 66 पैसे देऊ करणारी सर्वांत मोठी बोली स्वीकारली गेली. ती देणाऱ्यांना कँटीन चालवण्याचा अनुभव होता, पण अटीतली पात्रता नव्हती. रमण दयाराम शेट्टी न्यायालयात गेले. त्यांनी स्वतः निविदा भरलीच नव्हती. अट पाळायचीच नव्हती हे ठाऊक असते तर मीही भरली असती, असे त्यांचे म्हणणे होते.

4 मे 1979 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यायमूर्ती भगवती यांनी तत्त्व स्पष्ट सांगितले : सरकारी यंत्रणेने स्वतः घातलेली अट तिच्यावरही बंधनकारक आहे, आणि सरकारी कामे मर्जीने वाटता येत नाहीत. आज देशातल्या जवळजवळ प्रत्येक निविदेच्या खटल्यात या निकालाचा आधार घेतला जातो. आणि तरीही शेट्टींना काही मिळाले नाही. स्वीकृती एप्रिल 1977 ची होती आणि अर्ज नोव्हेंबरमध्ये आला. सहा महिन्यांहून अधिक काळ गेला होता. दरम्यान ठेका मिळालेल्यांनी सुमारे सव्वा लाख रुपये मांडामांडीवर खर्च केले होते. शिवाय अर्जामागचा हेतूही न्यायालयाला निखळ वाटला नाही. ठेका कायम राहिला. तत्त्व जिंकले, पण अर्जदार हरला.

न्यायालयाचे यात चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याने पैसे ओतले, माणसे लावली, त्याचाही विचार व्हायलाच हवा. रखडलेला रस्ता गावालाच महाग पडतो. 2022 मध्ये झारखंडच्या एका रस्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, ठेका देण्यात मनमानी आढळली तरी काम थांबवण्यापेक्षा अर्जदाराला नुकसानभरपाईच्या मार्गाने पाठवावे. म्हणजे काम एकदा सुरू झाले की ते परत मिळण्याची आशा जवळपास संपते. म्हणूनच दाद मागण्याची खरी जागा निवड आणि करार यांच्या मधल्या चार दिवसांत आहे. आपल्याकडे नेमके हेच चार दिवस कोणी राखून ठेवलेले नाहीत.

इतरांनी ते राखले. ऑस्ट्रियात 1996 मध्ये महामार्गाच्या एका यंत्रणेचा ठेका ज्या दिवशी ठरला, त्याच दिवशी करारावर सह्या झाल्या. बाकीच्या कंपन्यांना बातमी वर्तमानपत्रांतून कळली. 1999 मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितले की, निवड आणि सही यांच्यामध्ये दाद मागायला जागा असलीच पाहिजे. पुढे तिथे निकाल ई-मेलने कळवल्यास किमान 10 दिवस करार थांबवण्याचा नियम झाला. अमेरिकेत बोलीदाराने निकाल कळल्यापासून 3 दिवसांत लेखी मागणी केली, तर मोठ्या वाटाघाटींच्या ठेक्यांत त्याला बोलावून त्याची बोली कुठे कमी पडली ते समजावून सांगतात. ठेका दिल्यापासून 10 दिवस किंवा ही बैठक देऊ केलेल्या तारखेपासून 5 दिवस, यांतले जे नंतर येईल त्याच्या आत तक्रार पोचली, तर काम आपोआप थांबते. तक्रारीचा निकाल 100 दिवसांत लागतो. जागतिक बँकेच्या पैशातून होणाऱ्या मोठ्या कामांनाही अशीच थांबण्याची मुदत असते : 10 कामकाजाचे दिवस.

आपल्या देशात हे अगदीच नाही असेही नाही. तमिळनाडूच्या 1998 च्या कायद्यात अपिलाला 10 दिवस आहेत, कर्नाटकाच्या 1999 च्या कायद्यात 30 दिवस आणि राजस्थानच्या 2012 च्या कायद्यात साधारणपणे 10. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत, विचारणा झाल्यास नाकारल्याचे कारण सांगावे असे म्हटले आहे. केंद्रीय खरेदी विधेयक 2012 मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण 2014 मध्ये लोकसभेबरोबर तेही संपले. मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात खरेदीचे नियम आहेत, पण दाद मागण्याची अशी मुदत घालून देणारा स्वतंत्र कायदा नाही.

माझे म्हणणे थोडके आहे. कारण आणि मुदत ही एकाच बैलगाडीची दोन चाके आहेत. कारण मिळाले पण तोवर करार होऊन गेला, तर त्या कागदाचा उपयोग नाही. अपिलाची मुदत मिळाली पण कारण गुलदस्त्यात राहिले, तर माणूस अंधारात दगड मारतो आणि उगाच खटले वाढतात. कारण कळलेला प्रामाणिक ठेकेदार पुष्कळदा भांडत नाही. आपला दाखला खरेच कमी होता हे त्याला पटते आणि पुढच्या निविदेत तो सुधारणा करतो. म्हणून नाकारल्याबरोबर लेखी कारण द्यावे, त्यानंतर 10 दिवस करार थांबवावा आणि अपिलाचा निकाल ठरलेल्या दिवसांत लावावा. या तीन तारखा निविदेच्या पहिल्याच पानावर छापाव्यात.

तोवर आपल्या हातात काय आहे? ठेकेदार बंधूंना माझी विनंती आहे की, अपात्रतेचा शेरा दिसला त्याच दिवशी पडद्याचे चित्र काढून ठेवा, त्याच दिवशी कारण मागणारा लेखी अर्ज द्या आणि आवकचा शिक्का घ्या. दर उघडण्याआधी हरकत नोंदवा. कारण येईल मग वकील गाठू, असे म्हणत थांबू नका. आणि नागरिकांनो, गावात नाली, रस्ता, टाकी होते तेव्हा ती कोणाला मिळाली एवढेच विचारू नका. ज्यांना मिळाली नाही त्यांना कारण सांगितले का, तेही विचारा. ज्या दिवशी हा प्रश्न आपल्या नगर परिषदेच्या बैठकीत सहज विचारला जाईल, त्या दिवशी आपला पैसा थोडा अधिक सुरक्षित होईल.