मांडवातले आडवे बांबू

(गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात केलेले भाषण)



आम्ही बांधकाम खात्यात उपयंत्री, शिक्षण डिप्लोमा. हाडांवर बोलणं हा खरं तर डॉक्टरांचा प्रांत. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या आईनं पाण्याची बादली उचलली आणि पाठीत कळ आली. ती पडली नाही, धडपडली नाही, तरी मणका दबला. डॉक्टरांनी मणक्याच्या आतलं चित्र दाखवलं, तेव्हा त्यात आम्हाला आमचाच विषय दिसला.

मणका आतून भरीव नसतो, जाळीदार असतो. उभ्या पट्ट्या वजन पेलतात आणि आडव्या बारीक काड्या त्यांना एकमेकींशी बांधून ठेवतात. १८६६ मध्ये झुरिचचे अभियंते कार्ल कुलमान यांनीही मांडीच्या हाडातली अशीच जाळी पाहिली, आणि त्यांना आपल्या क्रेनमधल्या ताणाच्या रेषा आठवल्या.

आता हा मांडव पाहा. छताचा भार उभ्या बांबूंवर आहे, आडवे नुसते शोभेचे वाटतात. पण मधला आडवा बांबू सोडला, की उभ्याची मोकळी लांबी दुप्पट होते आणि वाकण्याआधी पेलायचा भार चौथाईवर येतो. ऑयलरचं हे सूत्र आम्ही पॉलिटेक्निकमध्ये घोकलं होतं.

दुसरी गोष्ट थकव्याची. एका दणक्यानं न मोडणारी वस्तू हजारो हलक्या हिसक्यांनी मोडते. चालणं, वाकणं, उचलणं हे हाडाला रोजचे हिसकेच. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हाडासारख्या जाळ्या छापून तपासल्या. आडव्या काड्यांची जाडी थोडी वाढवली, तर जाळीचं आयुष्य १० ते १०० पट वाढलं! आणि वयाबरोबर, विशेषतः बायकांची पाळी थांबल्यावर, याच काड्या आधी झिजतात.

आम्ही दर पावसाळ्यानंतर पुलांची तपासणी करतो. आई मात्र वर्षभर “पाठ भरून येते रे” म्हणत होती, आणि आम्ही भावंडं म्हणत होतो, “वय झालं, आई.”

तेव्हा एवढीच विनंती. घरातल्या आई-मावशीची पाठ दुखत असेल, उंची कमी झालेली दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवा, हाडांची घनता तपासून घ्या. त्यांना रोज चालू द्या, भार पडला तरच हाड टिकतं. पण जड बादली आपण उचला.

आमची आई आज पहिल्या रांगेत बसली आहे, पट्टा बांधून. तिच्यासमोर हे बोलायचं राहिलं होतं.

गणपती बाप्पा मोरया!