विद्यापीठाचें शास्त्र आणि शेतकऱ्याचीं मुलें

(शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेंत मोठा जडजंबाल छापला आहे. साध्या भाषेंत तो एवढाच कीं, आपलीं मुलें डॉक्टरीच्या, नर्सिंगच्या, औषधशास्त्राच्या आणि बी. एस्सी.च्या वर्गांत जाऊन बसूं लागलीं. तेथें त्यांना खरोखर कांहीं शिकविलें जातें काय? आणि शिकविलें जात नसेल, तर तें सुधारावें कसें?

हा प्रश्न तुमच्यापुढें मांडण्याचें कारण, पैसा तुमचा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें लेखी निवेदन दिलें. सरकारची तिजोरी रयतेच्या घामानें भरते आणि विद्याखात्याचा पैसा मात्र वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो, हें त्यांनीं त्यांत रोखठोक मांडलें. एवढी गोष्ट आपल्या सभांतून नेहमीं सांगितली जाते. पण त्याच निवेदनांत त्यांनीं आणखी काय मागितलें, तिकडे फारसें कोणी पाहात नाहीं. खेड्यांतल्या शाळेंत शेतीचें व आरोग्याचें शिक्षण असावें. शेतीचे धडे थोडे पण प्रत्यक्ष कामाचे असावे. त्यासाठीं लहानसें नमुन्याचें शेत असावें. आणि मास्तर असा असावा कीं, वेळ पडल्यास नांगराची मूठ धरील किंवा सुताराचें वाकस चालवील. किती शिकवावें एवढेंच नव्हे, तर कसें शिकवावें आणि कोणीं शिकवावें, हाही प्रश्न जोतीरावांनीं त्या वेळींच घातला होता.

त्याच वर्षीं त्याच कमिशनपुढें पुण्यास पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. बायका आपलीं दुखणीं पुरुष डॉक्टरला सांगत नाहींत, संकोचानें जीव गमावतात, म्हणून स्त्रियांना वैद्यकीचें शिक्षण द्या, अशी त्यांची मागणी होती. याच बाईंनीं पुढें आपल्या दौंड तालुक्यांत केडगांवीं मुक्तिसदन वसविलें आणि दुष्काळांतून उचलून आणलेल्या मुलीबाळींना अक्षरओळखीबरोबर विणकाम, छापखाना, शेती अशीं हातचीं कामें शिकविलीं. रमाबाई ख्रिस्ती झाल्या तेव्हां पुण्याच्या शास्त्रीमंडळींनीं त्यांच्यावर आग पाखडली. जोतीराव त्यांच्या बाजूनें उभे राहिले.

आपल्या समाजाला हें शास्त्र झेपणार नाहीं, असें म्हणणारे तेव्हांही होते. त्यांना उत्तर देणारेही होते. सत्यशोधक समाजाचे डॉ. विश्राम रामजी घोले हे गवळी समाजांतले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकून ते पुण्याचे नामांकित शस्त्रवैद्य झाले. सुतार समाजांतल्या रखमाबाईंना बालपणींच्या लग्नापायीं कोर्टांत ओढलें गेलें. तो खटला १८८४ पासून १८८८ पर्यंत चालला. नंतर त्या विलायतेस जाऊन १८९४ सालीं डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेस व राजकोटास त्यांनीं बायकांचीं इस्पितळें चालविलीं. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनीं वैद्यकावर मराठींत पुस्तकें लिहिलीं, कारण ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्या काळीं मराठींतून शिकविणारा वर्ग होता! दीडशें वर्षांपूर्वीं जें मराठींत सांगतां येत होतें, तें आज सांगतां येत नाहीं असें म्हणणें म्हणजे नाचतां येईना अंगण वांकडें. हैदराबादेस १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठानें वैद्यक उर्दूंतून शिकविलें. मध्य प्रदेशांत २०२२ सालीं एम्. बी. बी. एस्.चीं पुस्तकें हिंदींत काढलीं.

आतां कोणी उठून म्हणेल, हा गृहस्थ आमच्या पोरांची इंग्रजी बुडवायला निघाला. तसें नाहीं. सावित्रीबाईंनीं १८५४ च्या 'काव्यफुलें' या आपल्या पुस्तकांत आमच्या लोकांना इंग्रजी शिकण्याचाच उपदेश केला आहे, आणि तो मला शिरसावंद्य आहे. इंग्रजी शिकावी, चांगली शिकावी. पण इंग्रजी येईपर्यंत शास्त्र कळूं द्यायचें नाहीं, हा कोठला न्याय? बारावीपर्यंत मराठींत शिकलेली मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षांत जाते आणि मूत्रपिंडाचें काम काय तें समजून न घेतां इंग्रजी वाक्यें तोंडपाठ करते. परीक्षेंत तीं ओकून टाकते. पूर्वीं मंत्र संस्कृतांत होता, आतां इंग्रजींत आहे. अर्थ विचारूं नये हा नियम तोच.

आणि खरी गंमत पुढेंच आहे. हीच मुलगी वार्डांत गेली कीं तिच्यापुढें येणारा रोगी मराठींत दुखतो. आपल्या भाषेंत दुखण्याला एक नांव नाहीं. कळ येते ती वेगळी, ठणका लागतो तो वेगळा. चमक निघते, उसण भरते, मुरडा येतो, मुंग्या येतात, आग होते, भोवळ येते, जीव घाबरा होतो. ऊंस तोडणारी बाई म्हणते, "छातींत नुसतं भरून आल्यासारखं होतंय." ह्या शब्दांत अर्धें निदान आहे, पण तो शब्द ज्याच्या कानाला ओळखीचा त्यालाच तें सांपडतें. शहरांत वाढलेल्या मुलाला तो शिकावा लागेल. आपल्या मुलीला तो आजीच्या मांडीवर मिळालेला आहे. म्हणजे वैद्यकीची एक फार मोठी विद्या घेऊनच आपलीं मुलें कॉलेजांत येतात. कॉलेज मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून सांगतें, तुम्ही कच्चे, तुम्ही मागासलेले. जो मास्तर ह्या शब्दांची वही करून घेईल, कोणत्या शब्दाखालीं कोणता रोग लपतो तें मुलांकडूनच काढवून घेईल, तो मला चार पदव्या लावणाऱ्यापेक्षां मोठा वाटतो.

शास्त्राच्या कॉलेजांची गोष्ट याहून निराळी नाहीं. बी. एस्सी.च्या मुलाला नळींत एक पांढरी पूड देतात आणि हा क्षार कोणता तें ओळख म्हणतात. पुष्कळ ठिकाणीं उत्तर आधींच माहीत असतें. गेल्या वर्षाच्या जर्नलावरून यंदाचें जर्नल उतरविलें कीं प्रयोग झाला. आणि तिकडे बापाच्या उंसाच्या फडांत पाणी जास्त होऊन जमिनीवर पांढरा थर फुटला आहे. तो कोणता क्षार? जमीन खारवट झाली कीं चोपण? चोपण असेल तर जिप्सम घालावें लागेल. नुसती खारवट असेल तर चर काढून गोड्या पाण्यानें क्षार धुवून काढावे लागतील. हा फरक न कळल्यामुळें माणसें खताच्या दुकानदाराच्या नादीं लागून कर्जबाजारी होतात. नळींतली पूड ओळखण्याची कृति आणि शेतांतली ओळखण्याची कृति, शास्त्र एकच. पण कॉलेजाच्या भिंतीला दार नाहीं. मुळा-मुठा पुणें शहराची घाण घेऊन दौंडच्या बाजूला भीमेस मिळते. कुरकुंभास रसायनांचे कारखाने आहेत. रांजणगांवास मोठी औद्योगिक वसाहत आहे. रसायन शिकणाऱ्याला एवढी मोठी प्रयोगशाळा कोठें मिळेल?

असें शिकवितां येतें काय, असें कोणी विचारील. येतें, आणि तें पाहायला लांब जावयास नको. शिरूर तालुक्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला. हे गृहस्थ अमेरिकेंत जाऊन डॉक्टरेट मिळविलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्यें वरच्या जागेवर संशोधन केलेले. पाबळासारख्या अवर्षणी गांवांत येऊन त्यांनीं शाळेंतून गळालेलीं, नापास म्हणून हिणवलेलीं पोरें गोळा केलीं आणि त्यांना कामांतून विज्ञान शिकविलें. लोखंडाची जोडणी करतांना धातूचें शास्त्र, जमिनींत वीज सोडून तिचा विरोध मोजतांना भूगर्भांतलें पाणी, रक्तगट आणि रक्तांतलें हिमोग्लोबिन तपासतांना शरीरशास्त्र. आधीं हात, मग डोकें, मग पुस्तक. तेथील वर्षाच्या अभ्यासक्रमाला पुढें राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता मिळाली आणि तीच पद्धत मूलभूत तंत्रज्ञान या नांवानें महाराष्ट्रांतल्या कितीतरी माध्यमिक शाळांत गेली. अमेरिकेंतल्या एम्. आय. टी. या नामांकित संस्थेनें २००२ सालीं आपली फॅब लॅब म्हणजे वस्तु घडविण्याची प्रयोगशाळा परदेशांत प्रथम काढली, ती पाबळास. कलबाग २००३ सालीं वारले. आश्रम चालू आहे. जोतीरावांनीं मागितलेला वाकस धरणारा मास्तर तो हाच, असें मी म्हणेन. विद्यापीठाला मात्र ही रीत बी. एस्सी.च्या वर्गापर्यंत नेण्याची बुद्धि झालेली दिसत नाहीं.

दुसरें ठिकाण वढू बुद्रुक. छत्रपति संभाजी महाराजांच्या समाधीमुळें तें सर्वांना माहीत आहे. तेथें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत खेड्यांतल्या आरोग्याचें काम उभें केलें आणि गांवांतल्याच माणसांना आरोग्यसेवक म्हणून तयार केलें. २००२ पासून शिरूर व हवेलीच्या २२ गांवांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यु आणि स्थलांतर यांची नोंद तेथें ठेवली जाते. त्या नोंदींवर लिहिलेले निबंध परदेशच्या मासिकांत छापून येतात. चांगलें आहे. पण आपल्या तालुक्यांत संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलानें पुस्तकांतले बनावट आंकडे कां जुळवीत बसावें? आपल्या गांवीं कोणत्या महिन्यांत माणसें अधिक मरतात, तें त्यानें नांवें वगळलेल्या खऱ्या आंकड्यांवरून कां काढूं नये?

पुस्तकांत नसलेलें शिकण्याची हिंमत शिक्षणांतून यावी लागते. जालना जिल्ह्यांतल्या शेतकरी घरांतले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० नंतरच्या दशकांत महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यांत लागले. लाल विंचू चावलेलीं माणसें तेथें पटापट मरत. गंभीर रोग्यांपैकीं शंभरांत चाळीसपर्यंत दगावत. पुस्तकांत उपाय नव्हता. ते रात्रभर रोग्याच्या उशाशीं बसले, नाडी आणि रक्तदाब लिहीत गेले, आणि रक्तदाबावरचें प्राझोसिन नांवाचें औषध लागू पडतें हें त्यांनीं दाखविलें. मरणाचें प्रमाण शंभरांत एकावर आलें. विलायतेच्या 'लॅन्सेट'नें त्यांचें टिपण छापलें. कोणत्या तोंडपाठ उत्तरानें हें झालें असतें?

कॅनडांतल्या मॅकमास्टर विद्यापीठानें १९६९ सालीं ठरविलें कीं, डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांना व्याख्यानांनीं झोपवावयाचें नाहीं. लहान टोळी करावी, पुढें एका रोग्याची हकीकत ठेवावी आणि तिच्या मागें लागून मुलांनींच शरीराचें शास्त्र शोधून काढावें. आपल्याकडेही २०१९ पासून एम्. बी. बी. एस्.चा अभ्यासक्रम बदलला. पहिल्या वर्षापासून रोग्याजवळ न्यावें, हातचें कौशल्य तपासावें, असा नियम झाला. २०२२ पासून तर प्रत्येक विद्यार्थ्यानें खेड्यांतलीं कांहीं कुटुंबें दत्तक घ्यावींत असें ठरलें. नियम चांगला आहे. परंतु वर्षांतून एकदां मोटार भरून यावें, फोटो काढावे आणि वही भरून जावें, एवढ्यावर तो संपतो कीं काय, हें पाहणें तुमचें काम आहे. कारण तीं कुटुंबें तुमचीं आहेत. विद्यार्थी घरीं आला तर त्याला चहा पाजा, पण त्याला विचाराही: मागच्या वेळीं आईचा रक्तदाब किती होता, आणि आज किती आहे?

आतां एक कडू गोष्ट. मघांपासून मी शास्त्रीमंडळींना नांवें ठेवलीं आणि तुम्हीं टाळ्या दिल्या. पण आज खेड्यापाड्यांतल्या शिक्षणसंस्था बहुतेक कोणाच्या हातांत आहेत? आपल्याच लोकांच्या. इमारत उभी राहते, कमान उभी राहते, कमानीवर आबासाहेबांचें नांव येतें. प्रयोगशाळेंत नळाला पाणी नसतें. शिकविणारा तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मजुरीवर ठेवलेला. ज्याला पुढच्या वर्षीं ही नोकरी राहील कीं नाहीं ठाऊक नाहीं, तो गरीब बिचारा मुलांकडून नवा प्रयोग काय करवून घेणार? कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांना कमवून शिकविलें. त्यांच्या नांवाचा जयजयकार करणारे कांहीं संस्थाचालक मुलांनाच कमाई समजतात. ह्याला भटशाही म्हणावें कीं शेटशाही, तुम्हीच ठरवा. मला तरी फरक दिसत नाहीं.

म्हणून प्रवेशाच्या दिवशीं फीचा आंकडा विचारून परत येऊं नका. प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणावें. एका सूक्ष्मदर्शकामागें किती मुलें, कायमचे शिक्षक किती, अवघड धडा मराठींत समजावून देतां कां, नर्सिंगच्या मुलींना कोणत्या इस्पितळांत नेतां आणि तेथें त्या रोग्याला हात लावतात कीं भिंतीशीं उभ्या राहतात, हें विचारावें. उत्तर लेखी मागावें.

आणि एक काम तर उद्यांच करण्यासारखें आहे. आपल्या विहिरीचें किंवा बोअरचें पाणी स्वच्छ बाटलींत भरा, वर गांवाचें नांव व तारीख घाला आणि आपला मुलगा ज्या कॉलेजांत रसायन शिकतो तेथें नेऊन द्या. प्राध्यापकांना म्हणावें, हें मुलांकडून तपासून घ्या, आणि त्यांत काय निघालें तें त्यांनींच ग्रामसभेंत येऊन मराठींत वाचून दाखवावें. दहा गांवांच्या बाटल्या एका टेबलावर आल्या, तर त्या वर्षीं जर्नल उतरवायला कोणाला सवड मिळते तें पाहूं.